टोकियोत मोबाइल इंटरनेट

प्रश्न : दोन आठवडे टोकियोला जातेय. इंटरनेटसाठी काय घ्यावं? बँकेचे ओटीपी येतील का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : फोनवर *#०६# डायल करा. ईआयडी क्रमांक दिसला तर ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये बसवायचं सिम) चालेल. ते घरच्या वायफायवरच बसवून घ्या आणि परत येईपर्यंत पुसू नका. ते बसवण्याचे बरेच क्यूआर कोड एकदाच चालतात. उतरल्यावर त्या सिमचं डेटा रोमिंग चालू करा, भारतीय सिमचं बंद ठेवा. एवढं करूनही नेट नसेल, तर एपीएन (फोनला कंपनीच्या इंटरनेटशी जोडणारी सेटिंग) तपासा. त्यात एक अक्षर चुकलं तरी रेंज पूर्ण दिसते, पण पान उघडत नाही. पर्यटकांची बहुतेक सिमकार्डं फक्त डेटाची असतात, जपानी नंबर मिळत नाही. ओटीपी हवे असतील तर भारतीय सिमवर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधीच सुरू करा, फक्त त्याचं डेटा रोमिंग बंदच ठेवा.