पणजोबांच्या हातातली बंदूक कोणती? आधी छातीवरचे पाऊच बघा

तुमचा प्रश्न असा: पणजोबांचा फौजेतला फोटो सापडलाय, घरात सगळे तो पहिल्या महायुद्धातला म्हणतात, 'ते बसऱ्याला (इराकमधल्या बंदरात) होते' एवढंच आजी सांगायची, तर हातातली बंदूक कोणती आणि ठाण्यात हे कोण ओळखून देईल? सोबत फोटो जोडलात ते फार बरं केलंत.

बंदुकीचं उत्तर सोपं आहे. ती आपली थ्री-नॉट-थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड. पण फोटो मला पहिल्या नाही, दुसऱ्या महायुद्धातला वाटतो. आणि हे मी बंदुकीवरून म्हणत नाहीये.

माझं नौपाड्यात फोटो फ्रेमिंग आणि स्कॅनिंगचं छोटं दुकान आहे. गणपतीच्या आधी घरं आवरताना लोकांच्या ट्रंका उघडतात आणि सातारा, महाड, माणगावकडच्या घरांतले फौजी फोटो माझ्या टेबलावर येतात. लष्करात मी कधीच नव्हतो. जे कळतं ते भिंग लावून बघत बसल्यामुळे कळतं.

जुन्या फोटोत रायफल ओळखायची तर नजर सरळ तिच्या तोंडावर न्या. तुमच्या फोटोत नळी लाकडाच्या बाहेर जवळजवळ आलेलीच नाही. पुढे लोखंडी टोपण आहे आणि सगळं तिथेच संपतं, नाक कापल्यासारखं. ही 1907 सालची मार्क थ्री किंवा 1916 पासूनची तिची साधी केलेली आवृत्ती. युद्धात घाई होती, म्हणून लांब पल्ल्याचा नेम धरायची डाव्या बाजूची चकती आणि मॅगझिन (गोळ्यांची पेटी) बंद ठेवायची पट्टी काढून टाकली. तुमच्या फोटोत ती बाजू हाताखाली झाकली गेलीय, म्हणून दोन्हींतली नेमकी कोणती ते सांगता येणार नाही. हिच्याआधीची लांब ली-एनफिल्ड असती तर नळीचं टोक चांगलं बाहेर आलेलं दिसलं असतं. दुसऱ्या महायुद्धातल्या नंबर फोर ली-एनफिल्डचीही नळी थोडी बाहेर असते, आणि तिची संगीन म्हणजे नुसता जाड खिळा. मार्क थ्रीची संगीन मात्र 17 इंच पात्याची, सुरीपेक्षा तलवारीच्या जवळची.

तोंड दिसत नसेल तर उंची मोजा. मार्क थ्री साडेचव्वेचाळीस इंचांची. दस्ता जमिनीवर टेकवून साडेपाच फुटी माणूस उभा राहिला तर टोक छातीच्या जरा खाली येतं. लांब ली-एनफिल्ड किंवा जर्मनांची 1898 ची माउझर जवळपास काखेपर्यंत जाते. माउझरचा बोल्ट (गोळी भरायला मागे-पुढे ओढायचा दांडा) आडवा, सरळ बाहेर आलेला असतो, ली-एनफिल्डचा मागे ट्रिगरजवळ खाली वळलेला. खाली मॅगझिनच दिसत नसेल आणि ट्रिगरमागे लांब दांडा लोंबत असेल, तर ती मार्टिनी-हेन्री, एका वेळी एकच गोळी.

आता बोल्टची माझी फजिती सांगतो. कळव्याच्या एका कुटुंबाला मी ठासून सांगितलं होतं की तुमचे आजोबा डावखुरे, बघा, बोल्ट डाव्या बाजूला आहे. त्यांनी ते नातेवाइकांत सांगितलंही. नंतर लक्षात आलं की काचेची निगेटिव्ह मीच उलट बाजूने स्कॅन केली होती. ली-एनफिल्डचा बोल्ट उजवीकडेच असतो, तो डावीकडे दिसला तर फोटो आरशातल्यासारखा उलटा. स्टेनगन (दुसऱ्या महायुद्धातली छोटी मशीनगन) हीसुद्धा चांगली चाचणी: तिचं मॅगझिन डाव्या बाजूला आडवं निघतं. अमेरिकेतल्या बिली द किड या बंदूकबाजाला लोक कितीतरी वर्षं डावखुरा समजत होते, कारण त्याचा पत्र्यावरचा फोटो मुळातच उलटा होता. ती चूक कळली तीही रायफलीच्या गोळ्या भरायच्या खिडकीवरून. एवढी माणसं फसली तर मीही फसलो, असं मी स्वतःला समजावतो.

आता मुद्द्याची गोष्ट. ही रायफल पहिल्या महायुद्धात होती, दुसऱ्यातही होती, आणि आपल्या पोलिसांच्या खांद्यावर तर पुढची कितीतरी वर्षं होती. कोलकात्याजवळ ईशापूरच्या कारखान्यात ती बनत राहिली. म्हणजे रायफल तुम्हाला फक्त इतकंच सांगते की फोटो 1907 च्या आधीचा नाही. पुढे कुठवर, ते तिला विचारून उपयोग नाही.

म्हणून पाऊच बघा. पणजोबांच्या छातीवर दोन्ही बाजूंना एकेक मोठा, चौकोनी, कापडी पाऊच आहे. 1937 साली ठरलेल्या नमुन्याचं हे साहित्य. पाऊच एवढे मोठे का? तर ते रायफलीच्या काडतुसांपेक्षा ब्रेनगन या हलक्या मशीनगनच्या मॅगझिनांच्या मापाने शिवले होते. ब्रेनचं मॅगझिन वर बसतं आणि केळ्यासारखं वाकडं असतं, कारण थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कडा असते. एकावर एक ठेवली की ती सरळ उभी राहत नाहीत, पंख्यासारखी पसरतात. ब्रेन एकाच्या हातात, पण तिची मॅगझिनं सेक्शनमधले, म्हणजे त्या छोट्या तुकडीतले, सगळे वाहायचे. पहिल्या महायुद्धातल्या आपल्या पायदळाच्या फोटोंत याऐवजी बहुधा चामडी पट्टा, त्यावर छोटे पाऊच आणि खांद्यावरून तिरका काडतुसांचा पट्टा दिसतो.

मग बसऱ्याचं काय? आजी खोटं सांगत नव्हती. नोव्हेंबर 1914 मध्ये ब्रिटिशांच्या हिंदी फौजेने बसरा घेतलं, आणि पुढे 103 व 110 या मराठा पलटणी इराकमधल्याच कुत गावच्या वेढ्यात सापडल्या. 29 एप्रिल 1916 ला तिथे शरणागती झाली. पण एप्रिल 1941 मध्येही हिंदी सैन्य पुन्हा बसऱ्याच्याच बंदरात उतरलं. त्यामुळे 'बसऱ्याला होते' हे दोन्ही युद्धांना लागू पडतं. घरच्या आठवणीत गाव बरोबर राहतं, साल सरकतं. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

मशीनगनचे फोटो निघाले तर थोडक्यात: वर थाळीसारखं गोल मॅगझिन आणि जाड नळकांडं म्हणजे लुइस गन. तिपाईवर, पाण्याचं पिंप गुंडाळल्यासारखी नळी आणि बाजूने कापडी पट्टा म्हणजे विकर्स. वर वाकडं मॅगझिन असेल तर लगेच ब्रेन म्हणू नका, 1933 पासून आपल्या सैन्यात दिसायला तशीच विकर्स-बर्थिए होती. टॉमीगन, म्हणजे हातात धरायची छोटी मशीनगन, दिसली तर मात्र फोटो पहिल्या महायुद्धातला नाही हे नक्की धरा. 10 जुलै 1944 ला इटलीत नाईक यशवंत घाडगे यांनी मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चाल केली तेव्हा हातात टॉमीगनच होती. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी ती नळीकडून धरून दंडुक्यासारखी वापरली. तिथेच ते पडले, आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे.

एक सावधगिरी. मागे रंगवलेला पडदा असेल तर तो स्टुडिओतला फोटो. तिथली बंदूक त्या माणसाची असेलच असं नाही, स्टुडिओवाले पोझसाठी हातात द्यायचे. तुमच्या फोटोत मागे तंबू आहे, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

ठाण्यात कोण सांगेल म्हणाल, तर फोटो कुठे फिरवू नका, मूळ प्रत तर मुळीच नको. फ्रेममधून काढून 1200 डीपीआयला स्कॅन करा. मात्र आपल्याकडच्या पावसाळी दमटपणाने तो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट स्कॅन करा. आणि ट्रंकेत पदकं असतील तर त्यांची कड भिंगातून बघा. पहिल्या महायुद्धातल्या पदकांवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. नंबर मिळाला तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला लिहिता येईल, पलटण मराठा असेल तर. ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारून बघा.

डाव्या खांद्यावर काहीतरी बिल्ला आहे, पण तुमच्या मोबाइलच्या फोटोत नेमकी तिथेच ट्यूबलाइट चमकलीय. तेवढा भाग उजेडात, तिरका धरून पुन्हा काढून टाका, मी बघतो.