नाताळचा कचरा: कागदासारखं दिसतं ते सगळं रद्दीत चालत नाही

प्रश्न असा आहे: मिरजेत घरी २५ डिसेंबरला तीसेक माणसं जेवायला असतात, गेल्या वर्षी मिसळलेला कचरा घंटागाडीने घेतला नाही आणि भंगारवाल्याने रद्दीचं पोतंही परत केलं. यंदा काय कुठे टाकायचं?

ताई, भाजीची देठं ओल्यात आणि बाटली सुक्यात, एवढं तुम्हाला माहीत आहेच. नाताळात घोटाळा होतो तो कागदासारख्या दिसणाऱ्या वस्तूंचा. रद्दी परत आली याचा अर्थ बहुधा तिच्यात चमकी कागद होता, नाहीतर केकचं क्रीम.

गिफ्ट पेपर मुठीत घट्ट चुरगळा आणि मूठ उघडा. बोळा तसाच राहिला तर कागद. कुरकुरत आपोआप उलगडला तर ती चांदीसारखा मुलामा दिलेली प्लास्टिकची फिल्म. तिसरा प्रकार फसवा असतो: कागदावर प्लास्टिकचा पातळ थर. त्याचाही बोळा टिकतो, म्हणून कोपरा फाडून बघा. साध्या कागदाची फाटलेली कड लवदार दिसते, थर असेल तर पारदर्शक पापुद्रा ताणला जाऊन मग तुटतो. असा कागद पेपर मिलमध्ये भिजत नाही, लगद्यात त्याच्या चिंध्या राहतात. बोटाला चमकी लागत असेल तर तोही रद्दीत नको, कारण ती चमकी म्हणजे प्लास्टिकचाच चुरा. सेलोटेपचे मोठे पट्टे ओढून काढा, बारीक तुकड्यांसाठी नखं झिजवू नका.

केकच्या खोक्याचं झाकण कोरडं असतं आणि तळ तेलकट. दोन्ही फाडून वेगळे करा. झाकणाची पारदर्शक खिडकी काढली की ते पुठ्ठ्यात जातं. तळाला तेल मुरलं असेल तर तो पुठ्ठ्यात नको, लगद्यात तेलाचे डाग उरतात. आतून गुळगुळीत थर नसेल तर बारीक फाडून खताच्या कुंडीत घाला. केकखालची सोनेरी पाटी म्हणजे पुठ्ठ्यावर चिकटवलेला चकाकता थर. ती पुसून पुढच्या केकला वापरा, नाहीतर सुक्यात द्या, रद्दीत नाही. चॉकलेटचा फॉइल फाडून बघितला तर खरं अ‍ॅल्युमिनियम सहज फाटतं आणि घडी धरून ठेवतं. ते तुकडे साठवून मुठीएवढा गोळा करा, सुटे तुकडे निवडणाऱ्याच्या हाताला लागत नाहीत.

आता पंगत. थर्माकोलची ताटं, प्लास्टिकचे ग्लास आणि चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, तरी दुकानात मिळतात म्हणून आणले जातात. चंदेरी द्रोण आणि कागदी कप यांनाही आतून थर असतो, ते ओल्यात टाकू नका. पळसाच्या खऱ्या पत्रावळ्या आणल्या तर उष्ट्यासकट ओल्यात जातात आणि निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. स्टीलची ताटं भाड्याने आणलीत तर त्याहून बरं.

डबे स्वयंपाकघरात ठेवून उपयोग नाही. माणसं हात धुतात तिथेच हातातलं टाकतात, तिथे ठेवा: उष्ट्याला घमेलं, पत्रावळ्यांना पोतं, सुक्याला वेगळी पिशवी. सुरुवातीची दहा मिनिटं घरातलं एक पोरगं तिथे उभं करा. पहिल्या पाच-सहा पत्रावळ्या नीट पडल्या की मागचे बघून तसंच टाकतात. एकदा रस्सा सुक्यावर सांडला की नंतर कितीही निवडा, तो पुठ्ठा गेलाच. मिसळलेली पिशवी बेडग रोडच्या कचरा डेपोवर पोचल्यावर तिच्यातून कोरडा पुठ्ठा निघेल ही अपेक्षाच ठेवू नये.

बिर्याणीची हाडं घरच्या कुंडीत नकोत, कुत्री आणि घुशी येतात. ती घंटागाडीच्या ओल्यात द्या. बाकीचं ओलं कुंडीत घालायचं तर त्याच्या एका घमेल्याला दीड ते दोन घमेली कोरडं लागतं. आपल्याकडे उसाचं पाचट फुकट मिळतं, ते वीतभर तोडून घ्या, लांब पाती गुंतून बसतात. नाकाला झोंबणारा वास आला तर कोरडं कमी पडलंय. आंबट, कुजका वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी. डिसेंबरच्या थंडीत कुजणं मंदावतं, तेव्हा पंगतीचं सगळं एका दिवसात कोंबू नका.

माळा, सेल आणि मेणबत्त्या यांच्याकडे बहुतेक लोक बघतच नाहीत. गाणारं ग्रीटिंग कार्ड उघडा, आतल्या कागदाखाली बटणाएवढा सेल असतो. तो लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, त्यामुळे कार्ड फेकण्याआधी सेल काढा. दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा. २०१६ च्या घनकचरा नियमांतही घरगुती घातक कचरा तिसरा, वेगळाच ठेवायला सांगितला होता. बंद पडलेली लाईटची माळ ई-कचऱ्यात द्या. तांब्यासाठी वायर जाळणाऱ्याला देऊ नका: तिच्यावरचं पीव्हीसी जळलं की आम्लाचा धूर निघतो. कृत्रिम झाडाची पातीही बहुतेक वेळा पीव्हीसीची असतात, त्यामुळे जुनं झाड किंवा झालर शेकोटीत टाकू नये. मेणबत्त्यांची थुटकं वितळवून पुन्हा वापरा, छोट्या मेणबत्तीची अ‍ॅल्युमिनियमची वाटी भंगारात जाते.

सुरूच्या फांद्या आणल्या असतील तर तार आणि ‘बर्फ’ काढून हातभर तुकडे करा, त्या ओल्यात जातात. बर्फाच्या कापसातून चिमूटभर बाहेर नेऊन चिमट्यात पेटवा. राख झाली तर कापूस, आकसून टणक मणी झाला तर पॉलिस्टर, म्हणजे सुका. येशूजन्माच्या देखाव्यातल्या गव्हाणीतलं गवत आणि लाकडाचा भुसा कुंडीला उत्तम, फक्त रंग दिलेला भुसा वगळा. काचेचा फुटलेला गोळा चार पदरी वर्तमानपत्रात गुंडाळून वर ठळक ‘काच’ लिहा. पिशवी उचलणारा हात उघडा असू शकतो.

२६ ला सकाळी फक्त ओला द्या, तो थांबत नाही. सुका कोरडा असेल तर वास मारत नाही, पुठ्ठा चपटा करून सुतळीने बांधून ठेवा. ६ जानेवारीला सजावट उतरवाल तेव्हा त्यातलं सुकं, आधीचं सुकं आणि भंगार एकदमच काढा.