रशियन सागरचित्रं: सुरुवात कुठून करायची

यादी मोठी करू नका. पहिला महिनाभर एकटा आयवाझोव्हस्की पुरे (1817-1900, क्राइमियातलं फिओदोसिया, आर्मेनियन घराणं). त्याची चित्रं सहा हजारांच्या घरात सांगतात, त्यामुळे सगळी बघायच्या फंदात पडू नका. ही दोनच घ्या:

1. 'नववी लाट' (1850). आधी माप लक्षात घ्या: 221 × 332 सेंमी, म्हणजे सात फुटांहून उंच. मोबाइलवर ते कॅलेंडरचं चित्र वाटतं, ही पहिली चूक. मोठ्या स्क्रीनवर लाटेचा माथा झूम करा. तिथे पाणी पातळ होतं आणि मागचा उजेड आरपार येतो, म्हणून हिरवट काच दिसते. रंगाचे पातळ, पारदर्शक थर एकावर एक दिल्याशिवाय ही झाक येत नाही. मग तुटलेल्या डोलकाठीला धरून बसलेली माणसं बघा.

2. 'काळा समुद्र' (1881). इथे नाट्य नाही. नुसतं पाणी, आभाळ आणि क्षितिजावर जेमतेम दिसणारं जहाज. कंटाळा आला तरी पाच मिनिटं थांबा. माझ्या मते हेच सरस.

दुसरी चूक म्हणजे त्याने हे किनाऱ्यावर बसून रंगवलं असं धरून चालणं. उसळती लाट समोर बसून रंगवता येत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. जागेवर पेन्सिलीची टिपणं, बाकी सगळं स्टुडिओत, आठवणीतून. याच्या उलट वाट बघायची तर नंतर बोगोल्युबोव्ह घ्या: आधी नौदल अधिकारी, मग उघड्यावर निसर्ग रंगवणारा.

टर्नर या इंग्रज चित्रकाराशी तुलना मात्र सध्या राहू द्या.