आकडी, अर्धशिशी आणि श्वासातून औषध

प्रश्न : मुलगा १४ वर्षांचा, वजन ४० किलो. आकडी येण्याआधी त्याला पोटातून काहीतरी वर सरकल्यासारखं होतं आणि मिनिटभरात भान जातं. आकडीवर दम्यासारखा पंप निघालाय म्हणे. मिळेल का?

उत्तर : आज दुकानात मिळत नाही. तुम्ही ऐकलंत ते बहुधा अल्प्राझोलम या मेंदू शांत करणाऱ्या औषधाच्या उपकरणाबद्दल. त्यात पोलादी पत्र्यावर औषधाचा अगदी पातळ थर असतो. तोंडाला लावून श्वास ओढला की पत्रा सेकंदाच्या आत तापतो, थराची वाफ होते आणि ती तिथल्या तिथे थिजून १ ते ३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण बनतात. सावकाश तापवलं तर औषध करपतं, म्हणून ही घाई. कण ५ मायक्रॉनच्या वर गेले तर घशातच बसतात, फार बारीक झाले तर उच्छ्वासाबरोबर निघून जातात. मधल्या मापाचेच वायुकोशांत उतरतात आणि तिथून मिनिटा-दोन मिनिटांत औषध मेंदूपर्यंत पोचतं.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १ आणि २ मिग्रॅ या दोन्ही मात्रांनी सुमारे ६६ टक्के रुग्णांची आकडी २ मिनिटांत थांबली आणि २ तास परतली नाही. औषध नसलेल्या उपकरणानेही ४२.५ टक्के रुग्णांत हेच झालं, कारण पुष्कळ आकड्या आपणहून थांबतात. म्हणजे औषधाचं खरं श्रेय २३ टक्क्यांच्या आसपास.

अडचण श्वासाचीच आहे. एकदा अंग ताठ होऊन दातखीळ बसली की कोण श्वास ओढणार? मुलाला पूर्वसूचना मिळते, त्यामुळे त्याच्यासारख्यांना हे कामाचं. दमा असेल तर मात्र सावध. याच तंत्रावरचं लॉक्सापिन हे मनोविकारातला उद्रेक शमवणारं औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं, पण श्वासनलिका आवळण्याच्या भीतीने ते दमेकऱ्यांना वर्ज्य आहे.

तोवर घरात मिडाझोलमचा नाकातला स्प्रे ठेवा. हिशेब साधारण किलोमागे ०.२ मिग्रॅ, कमाल १० मिग्रॅ. म्हणजे मुलाला ८ मिग्रॅ. इथेच घोळ होतो. एका बाटलीचा फवारा ०.५ मिग्रॅचा, तर दुसरीचा १.२५ मिग्रॅचा. पहिलीचे १६ फवारे लागतील, दुसरीचे साधारण सहाच. दुकानदाराने बाटली बदलून दिली तर जुना आकडा चालणार नाही, म्हणून फवाऱ्यांची संख्या डॉक्टरांकडून त्याच बाटलीवर लिहून घ्या. नवी बाटली आधी हवेत दाबून धुकं नीट येतंय ना बघा. अर्धे फवारे एका नाकपुडीत, अर्धे दुसरीत. मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ लावा. कांदा, चप्पल, चमचा काही नको. आकडी ५ मिनिटांच्या वर गेली किंवा श्वास मंदावला तर थेट रुग्णालय.

प्रश्न : अर्धशिशीत गोळी उलटून पडते. पंप का नाही?

उत्तर : प्रयत्न झाला होता. अर्धशिशीत पोटाची हालचाल मंदावते, त्यामुळे न उलटलेली गोळीही आत पडून राहते. म्हणून अमेरिकेत डायहायड्रोएर्गोटामिन या अर्धशिशीवरच्या जुन्या औषधाचा पंप तयार झाला. ते शिरेतून दिल्यावर रक्तातली पातळी एकदम चढते आणि मळमळ वाढते. पंपाने ती बेताने चढत होती, गुणही येत होता. तरी २०१२ ते २०१४ दरम्यान तिथल्या औषध प्रशासनाने तीनदा मंजुरी नाकारली. शेवटी घोडं अडलं ते पंपातली औषधाची डबी भरण्यावर : प्रत्येक फवाऱ्यात तेवढंच औषध उतरेल, याची खात्री देता आली नाही. द्रवात तरंगणारी भुकटी तळाशी बसते, हे त्यातलं जुनं दुखणं.

सध्या डॉक्टरांना सुमाट्रिप्टानच्या नाकातल्या स्प्रेबद्दल किंवा इंजेक्शनबद्दल विचारा. हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर दोन्ही नकोत.

प्रश्न : अल्प्राझोलमची गोळी कुटून नेब्युलायझरमध्ये टाकली तर?

उत्तर : अजिबात नको. ती पाण्यात जवळपास विरघळत नाही, आणि गोळीतली इतर भुकटी फुप्फुसात बसून इजा करते.