एटीव्हीचे मागचे शॉक दुसऱ्या मॉडेलचे बसवले, तर दणके कमी होतील का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजले ते असे. देवगडजवळच्या तुमच्या आंब्याच्या बागेत पोलारिस स्पोर्ट्समन ५७० ही एटीव्ही (जाड टायरांची, कच्च्या वाटांवर चालणारी उघडी गाडी) फवारणीचा पंप आणि आंब्याचे क्रेट वाहण्यासाठी वापरली जाते. कातळावरून ती रिकामी पळवताना मागून कंबरेला दणके बसतात, आणि एका परिचितांकडे स्पोर्ट्समन ८५० चे मागचे शॉक (स्प्रिंग आणि आतले तेल यांच्या जोरावर दणके शोषणारे भाग) चांगल्या स्थितीत पडून असल्यामुळे ते आपल्या गाडीला लावावेत का, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर ‘लावू नका’ असे आहे. ते जागेवर बसले तरी आराम मिळणार नाही, आणि तुमच्या वर्णनावरून दणके वाढण्याचीच शक्यता मला अधिक दिसते.

मी हे कशाच्या आधारावर म्हणतो, तेही सांगतो. पुण्यात अभियांत्रिकीला असताना बाहा एसएईइंडिया या विद्यार्थ्यांच्या गाडी-बांधणी स्पर्धेसाठी आमच्या संघाने जी गाडी बांधली, तिच्या सस्पेन्शनचे (चाके आणि चौकट यांना जोडणाऱ्या स्प्रिंग-शॉकच्या रचनेचे) काम माझ्याकडे होते. पुढे काही वर्षे रायगडच्या किनाऱ्यावर पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या एटीव्हींची दुरुस्तीही मी केली. त्या काळात एका मॉडेलचे शॉक दुसऱ्याला लावण्याचा उद्योग मी तीन वेळा केला आणि त्यांतला एकच उपयोगी ठरला.

मोठ्या गाडीचा शॉक म्हणजे अधिक आरामाचा शॉक, हा समज फार पसरलेला आहे आणि गोंधळाचे मूळ तिथेच आहे. ५७० चे कोरडे वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास आहे आणि तिच्या मागच्या रॅकवर सुमारे ८२ किलो भार ठेवता येतो. ८५० चे इंजिन दोन सिलिंडरचे, गाडी मुळातच जड आणि मागच्या रॅकची मर्यादा सुमारे १०९ किलो. एवढे ओझे पेलायचे म्हणजे तिच्या स्प्रिंगा कडक असणारच. ८५० वर बसल्यावर जो मऊपणा जाणवतो, तो तिच्या वजनाचा आणि चाकाच्या थोड्या जास्त प्रवासाचा (मागे सुमारे २६ सेंटिमीटर, तुमच्या गाडीत सुमारे २४) परिणाम असतो. तीच स्प्रिंग हलक्या गाडीखाली आणि तीही रिकाम्या रॅकखाली ठेवली, तर ती दबायलाच तयार होत नाही.

याहून महत्त्वाची, पण डोळ्यांना न दिसणारी बाब म्हणजे शॉक आर्मवर (चाकाला धरून वर-खाली होणाऱ्या दांड्यावर) कुठे आणि किती तिरका बसवलेला आहे ही. चाक १० सेंटिमीटर वर उचलले असता शॉक ५.५ सेंटिमीटर दबत असेल, तर हे प्रमाण ०.५५ झाले. स्प्रिंगचा कडकपणा चाकापाशी पोहोचताना या प्रमाणाच्या वर्गाने कमी होतो. म्हणजे मिलिमीटरला ३० न्यूटन लागणारी स्प्रिंग चाकापाशी साधारण ९ न्यूटनांची राहते. तीच स्प्रिंग ०.६५ प्रमाण असलेल्या गाडीत घातली, तर चाकापाशी १२.७ न्यूटन मिळतात आणि गाडी सुमारे ४० टक्क्यांनी कडक होते, जरी स्प्रिंगमध्ये तसूभरही बदल झालेला नसतो. म्हणून स्प्रिंगवर छापलेला किंवा कुणी सांगितलेला आकडा एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जसाच्या तसा नेता येत नाही. यामाहा रॅप्टर ७०० सारख्या खेळाच्या गाड्यांत मागे एकच शॉक लिंकेजवर (जोडपट्ट्यांच्या रचनेवर) बसवलेला असतो. त्याची स्प्रिंग हातात घेतल्यावर अवाढव्य कडक वाटते, पण त्या रचनेत ती बरोबर असते. तिची तुमच्या दोन स्वतंत्र आर्मच्या रचनेशी तुलनाच होऊ शकत नाही.

आता लांबीविषयी, कारण माझी चूक तिथे झाली होती. भाड्याच्या एका एटीव्हीला मी दुसऱ्या मॉडेलचे जे शॉक लावले, ते दोन्ही टोकांच्या बोल्टांच्या मध्यांमध्ये मोजले असता मूळ शॉकपेक्षा जेमतेम दीड सेंटिमीटर लांब होते. दीड सेंटिमीटरने काय होणार, असा विचार मी केला. वरच्या प्रमाणाने पाहिल्यास चाक जवळपास पावणेतीन सेंटिमीटर जास्त खाली लोंबकळू लागले. स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीत चाकाने किती खाली जायचे याला मर्यादा शॉकच घालत असतो, हे मी विसरलो होतो. ती मर्यादा सैल झाल्यावर एक्सलचे सीव्ही जॉइंट (चाक फिरवणाऱ्या दांड्याचे वाकू शकणारे सांधे) नको तितक्या कोनात फिरू लागले, एका जॉइंटचा रबरी बूट फाटला, ग्रीस उडून गेले आणि त्या जागी किनाऱ्याची वाळू भरली. वळताना कट-कट आवाज येऊ लागला तेव्हा जॉइंट वाचवण्याची वेळ निघून गेली होती. वाचवलेल्या पैशांपेक्षा एक्सल कितीतरी महाग पडला. मालकाने मला बोल लावला नाही, पण पुढच्या महिन्यात कामासाठी बोलावलेही नाही.

शॉक पूर्ण दबल्यावरची लांबीदेखील तितकीच पाहावी लागते. नवा शॉक दबलेल्या अवस्थेत जुन्यापेक्षा लांब राहत असेल, तर तो वेळेआधीच तळाला टेकतो आणि सगळा मार शॉकचे बोल्ट व चेसिसवरचे ब्रॅकेट यांना बसतो. तो आखूड राहत असेल, तर टायर मडगार्डला किंवा आर्म चौकटीला आपटतो. शिवाय मागचा भाग तीन-चार सेंटिमीटर उंचावला की गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, उतारावर वजन पुढे झुकते आणि अरुंद गाडी उलटण्याचा धोका वाढतो. कलमांच्या ओळींमधल्या गडग्यांवरून आणि उतारांवरून फिरणाऱ्या माणसासाठी ही गोष्ट क्षुल्लक नाही.

कुणी सुचवील की ८५० चा शॉक घ्या आणि त्यावर तुमची जुनी मऊ स्प्रिंग चढवा. स्प्रिंगचा व्यास आणि लांबी जुळली तरीही यात एक अडचण उरते. कडक स्प्रिंगला आवरण्यासाठी त्या शॉकच्या आतल्या तेलाची वाट अरुंद ठेवलेली असते. मऊ स्प्रिंग त्याला परत वर ढकलू शकत नाही, आणि सलग खाचखळगे आले की चाक मूळ जागी येण्याआधीच पुढचा खड्डा येतो. प्रत्येक खड्ड्यागणिक शॉक थोडाथोडा दबलेला राहत जातो आणि पाच-सहा खड्ड्यांनंतर सस्पेन्शन असून नसल्यासारखे होते. जांभ्याच्या वाटेवर तर हे हटकून होते. स्प्रिंगचा एखादा वेढा कापून ती मऊ करण्याचा सल्ला मिळाला, तर त्या गॅरेजातून उठून यावे. वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते, मऊ नव्हे.

मग दणक्यांचे काय करावे? सर्वांत आधी टायरमधील हवा पाहावी. होंडाने १९७० मध्ये अमेरिकेत जी तीनचाकी यूएस९० आणली, तिला सस्पेन्शन असे काही नव्हतेच. फुग्यासारखे टायर आणि त्यांतली अगदी कमी हवा यांच्यावरच सगळे भागवलेले होते. आजही एटीव्हीचे पहिले सस्पेन्शन टायरच असते, आणि बहुतेक गाड्यांत हवेचा दाब ५ ते ७ पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब मोजण्याचे एकक) एवढाच ठेवायचा असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर मिळेल. आपल्याकडे मात्र पंपावरचा मुलगा मोटरसायकलच्या सवयीने २५ भरून मोकळा होतो. रायगडमध्ये ‘शॉक गेले’ म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांपैकी निम्म्यांना तरी केवळ हवा कमी केल्यावर बरे वाटले. पेट्रोल पंपावरचा मोजमापक एवढ्या कमी दाबाला विश्वासार्ह नसतो, म्हणून कमी दाबाचा वेगळा गेज विकत घ्यावा.

त्यानंतर गाडी तुमच्या वजनाखाली किती बसते, ते मोजा. मागची चाके जमिनीवरून सुटतील इतकी गाडी जॅकवर घ्या आणि चाकाच्या मध्यापासून रॅकवरच्या एका खुणेपर्यंतचे अंतर टिपून ठेवा. मग गाडी खाली घेऊन, एकदोनदा हलवून, नेहमीप्रमाणे बसा आणि दुसऱ्या माणसाकडून तेच अंतर मोजून घ्या. दोन्ही आकड्यांतला फरक चाकाच्या प्रवासाच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे तुमच्या गाडीत ६ ते ८ सेंटिमीटर असावा. तो ४ सेंटिमीटरच भरला, तर शॉकवरची खाचांची कडी (स्प्रिंगला कमी-जास्त दाबून धरणारी) सर्वांत सैल खाचेवर आणा. बागेत क्रेट वाहताना कुणीतरी ती घट्ट केलेली असणे आणि पुन्हा सैल न करणे हे अगदी संभवते. कडी फिरवल्याने स्प्रिंगचा स्वतःचा कडकपणा बदलत नाही. गाडी किती उंचीवर उभी राहते आणि चाकाला खाली जायला किती वाव राहतो, एवढेच त्याने बदलते.

उलट फरक १० सेंटिमीटरच्या पुढे गेला, तर तुमचे दणके वेगळ्याच जातीचे आहेत. ते कडकपणामुळे बसत नसून शॉक तळाला टेकल्यामुळे बसतात. बारीक, सततचे हादरे आणि मधूनच बसणारा एकच ‘ठो’ यांतला फरक कंबरेला कळतो, पण खात्री करायची असेल तर शॉकच्या दांड्यावर प्लॅस्टिकची एक टाय सैलसर बांधून बागेत फेरी मारा आणि ती कुठवर सरकली ते पाहा. ती खालच्या रबरापर्यंत गेली असेल, तर थोडी कडक स्प्रिंग हवी आहे किंवा शॉक आतून निकामी झाला आहे. दांड्याभोवती तेलाचा ओलावा दिसत असेल, किंवा मागचा भाग दाबून सोडल्यावर गाडी दोन-तीन वेळा डुलत असेल, तर शॉक संपला असे समजावे. दुसऱ्या मॉडेलचे शॉक लावून फार फरक पडला असे सांगणाऱ्यांपैकी अनेकांच्या गाडीतले जुने शॉक असेच मेलेले असतात, हा माझा ठाम संशय आहे.

माझी यशस्वी ठरलेली अदलाबदल एकाच मॉडेलच्या साध्या आणि महागड्या आवृत्तींमधली होती. तिथे मी कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत मागचा खालचा आर्म आणि चेसिस यांचे क्रमांक दोन्ही आवृत्तींना एकच आहेत का, हे आधी पाहिले होते. क्रमांक एकच असतील तर शॉकची जागा, कोन आणि प्रमाण तेच राहते, आणि बदलते ते फक्त आतले तेलकाम. तुम्हाला बदल करायचाच असेल तर असाच शॉक शोधा. बसवण्यापूर्वी योग्य साधनाने स्प्रिंग उतरवून नुसता शॉक गाडीला लावा आणि जॅकने चाक अगदी खालपासून अगदी वरपर्यंत नेऊन एक्सलचा कोन, ब्रेकची नळी आणि टायर-मडगार्डमधली जागा पाहा. बुशची (शॉकच्या टोकातल्या, बोल्ट जाणाऱ्या नळीची) रुंदी आणि बोल्टची जाडी जुळली पाहिजे; १० मिलिमीटरच्या बोल्टासाठी असलेले ब्रॅकेट १२ चा बोल्ट जावा म्हणून ड्रिलने मोठे करू नका. नायट्रोजन भरलेला शॉक घरी उघडण्याच्या फंदातही पडू नका, कारण आतला दाब टायरच्या दाबाच्या कितीतरी पट असतो.

शॉकचे बोल्ट गाडी जमिनीवर टेकल्यानंतरच अखेरचे आवळावेत आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा पान्हा लावून तपासावेत.