नोकऱ्या वाढल्या की घटल्या, हे मोजतात कसं?

प्रश्न थोडक्यात असा : अमेरिकेत ‘नोकऱ्या वाढल्या’ ही बातमी येते, त्याच आठवड्यात हजारोंना काढल्याचीही येते. आपल्याकडे पीएफ सांभाळणारी सरकारी संघटना ईपीएफओ दर महिन्याला लाखोंनी सदस्य वाढल्याचं सांगते आणि आजूबाजूला मात्र शिकलेली पोरं घरी बसलेली. मग खरं काय? शिवाय, छोटे उद्योगच सगळ्यात जास्त रोजगार देतात या म्हणण्यात तथ्य किती?

मी पुण्यात पीएफ सल्लागाराकडे काम करतो, त्यामुळे या आकड्यांचा कच्चा माल रोज हातातून जातो. पण आधी अमेरिकेचं बघू, कारण हे मोजमाप तिथे व्यवस्थित होतं.

मथळ्यात येतो तो निव्वळ आकडा. वाढलेल्या नोकऱ्यांतून घटलेल्या वजा केल्या की उरतो तो. एरवीच्या कुठल्याही तिमाहीत तिथल्या खासगी क्षेत्रात साधारण सत्तर-ऐंशी लाख नोकऱ्या कुठेतरी तयार होतात आणि जवळपास तेवढ्याच दुसरीकडे नाहीशा होतात. मधली काही लाखांची तफावत तेवढी बातमीत येते. म्हणजे तुम्ही वाचलेल्या दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. अपवाद २०२० च्या एप्रिल-जूनचा. तेव्हा एका तिमाहीत दोन कोटींवर नोकऱ्या गेल्या; पण त्याच तीन महिन्यांत पन्नास लाखांहून जास्त तयारही झाल्या, हे कोणाच्या लक्षात नाही.

ही दोन्ही बाजूंची मोजणी तिथला श्रम सांख्यिकी ब्युरो ‘बिझनेस एम्प्लॉयमेंट डायनॅमिक्स’ या नावाने २००३ पासून प्रसिद्ध करतो. मालिका १९९२ पासूनची आहे. यासाठी कोणी दारोदार फिरत नाही. बेरोजगारी विम्याच्या कायद्याखाली मालकाला दर तिमाहीला राज्य सरकारकडे विवरणपत्र भरावं लागतं, त्यात प्रत्येक महिन्याची माणसं लिहिलेली असतात. देशातल्या ९५ टक्क्यांहून जास्त नोकऱ्या यात येतात. ब्युरो एकाच आस्थापनेची (म्हणजे एका जागी चालणाऱ्या दुकानाची, कारखान्याची) विवरणपत्रं तिमाहीमागून तिमाही जोडत जातो आणि तिमाहीच्या शेवटच्या महिन्यांची तुलना करतो, उदाहरणार्थ मार्चची जूनशी. सरकारी नोकऱ्या, घरकामगार आणि स्वतःचाच धंदा करणारे यात धरत नाहीत.

समजा मार्चमध्ये एका बेकरीत २० माणसं होती, जूनमध्ये २६ झाली. कपड्याच्या दुकानात १५ ची ९ झाली. एक सलून नवं उघडलं, त्यात ४ माणसं. ८ माणसांचं एक हॉटेल बंद पडलं. एकूण वाढ ६ अधिक ४, म्हणजे १०. एकूण घट ६ अधिक ८, म्हणजे १४. निव्वळ आकडा उणे ४. पेपरात ‘४ नोकऱ्या घटल्या’ एवढंच छापून येईल, प्रत्यक्षात हललेल्या नोकऱ्या मात्र २४.

बेकरीने मधल्या काळात ५ जण काढून ११ घेतले असतील, तरी इथे ६ च दिसतात. कारण ही मोजणी जागांची आहे, माणसांची नाही. माणसांची ये-जा बघायची तर ‘जॉल्ट्स’ नावाची वेगळी मासिक पाहणी आहे. वादात लोक एकाचा आकडा दुसऱ्याच्या तोंडावर फेकतात, तेव्हा आधी हे तपासा.

खरी मेहनत आहे ती आस्थापना ओळखण्यात. आमच्याकडचंच उदाहरण घ्या. चाकणच्या एखाद्या कारखान्यात मजूर पुरवणारा ठेकेदार बदलतो. गेटवर तीच माणसं, तीच पाळी, तीच मशीन. पण जुन्या ठेकेदाराच्या पीएफ कोडखाली त्या महिन्याच्या ईसीआरमध्ये (मालक दर महिन्याला भरतो त्या पीएफच्या विवरणपत्रात, माणसामागे एक ओळ) दोनशे ओळी कमी होतात आणि नव्याच्या कोडखाली दोनशे वाढतात. नुसते कोड मोजले तर दोनशे नोकऱ्या बुडाल्या आणि दोनशे उगवल्या. प्रत्यक्षात काहीच झालेलं नाही. अमेरिकेतही कंपन्या विकल्या जातात, नोंदणी क्रमांक बदलतात. म्हणून ब्युरो जुन्या-नव्या क्रमांकांची सांगड घालून मगच गणित मांडतो. हे केलं नाही तर दोन्ही बाजूंचे आकडे फुगतात आणि निव्वळ आकडा तेवढाच राहिल्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

‘उघडणं’ आणि ‘जन्म’ यातही फरक करतात. फक्त उन्हाळ्यात चालणारं समुद्रकाठचं हॉटेल दरवर्षी ‘उघडतं’, पण त्याला जन्म म्हणत नाहीत. त्यासाठी आधीच्या चार तिमाह्यांत तिथे कोणीच कामाला नसावं लागतं. मृत्यूचंही तसंच, सलग चार तिमाह्या शून्य दिसल्याशिवाय शिक्का बसत नाही. त्यामुळे मृत्यूचे आकडे बाकीच्यांपेक्षा तीन तिमाह्या मागे असतात.

अमेरिकेतला दर महिन्याचा नोकऱ्यांचा गाजणारा आकडा मात्र या विवरणपत्रांतून नाही, नमुना पाहणीतून येतो, आणि नव्या-बंद झालेल्या धंद्यांचा त्यात अंदाजच धरावा लागतो. वर्षातून एकदा तो याच विमा-विवरणपत्रांशी ताडून बघतात. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या ताळमेळात प्राथमिक अंदाजाने ८,१८,००० नोकऱ्या जास्त मोजल्या गेल्याचं निघालं. अंतिम दुरुस्तीत तो फरक सहा लाखांच्या आसपास आला. लगेच लबाडीचे आरोप झाले. माझ्या मते स्वतःचा आकडा जाहीरपणे दुरुस्त करणाऱ्या कार्यालयावर मी जास्त विश्वास ठेवीन.

आता छोट्या उद्योगांचं. १९७९ मध्ये एमआयटीच्या डेव्हिड बर्च यांनी बहुतेक नव्या नोकऱ्या लहान कंपन्या देतात असं मांडलं आणि पुढाऱ्यांना ते फारच आवडलं. त्यातली गोम अशी : दोन कंपन्या घ्या, ‘लहान’ म्हणजे ५० च्या आत असं धरा. या वर्षी पहिली ४५ वरून ५५ वर गेली, दुसरी ५५ वरून ४५ वर आली. पुढच्या वर्षी दोघी मूळ जागी. सुरुवातीचा आकार धरून हिशेब केला तर दोन्ही वर्षी लहान कंपनीने १० वाढवल्या आणि मोठीने १० घालवल्या. दोन वर्षांत ‘लहानां’च्या नावावर २० नोकऱ्या जमा, आणि प्रत्यक्षात एकही वाढलेली नाही! वर्षअखेरचा आकार धरा, निष्कर्ष बरोब्बर उलटा. म्हणून ब्युरो वाढ पायरीपायरीने वाटतो. ४५ ते ४९ पर्यंतच्या ४ नोकऱ्या लहान गटाच्या, पुढच्या ६ मोठ्या गटाच्या, उतरतानाही तसंच. मग दोन्ही गटांत बेरीज शून्य येते.

टक्केवारीतही असाच सापळा आहे. १०० चे १५० झाले की ५० टक्के वाढ, पण १५० चे पुन्हा १०० झाले की घट ३३ टक्केच. म्हणून भागताना दोन्ही आकड्यांची सरासरी, १२५, घेतात. वाढ-घट दोन्ही ४० टक्के येतात. पुढे अर्थतज्ज्ञ जॉन हॉल्टिवांगर आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवलं की आकारापेक्षा वय महत्त्वाचं. नवे धंदे नोकऱ्या वाढवतात, आणि नवे धंदे बहुधा लहान असतात, म्हणून श्रेय लहानांना जातं. वीस वर्षं चार माणसांवर चालणारं दुकान लहानच, पण ते नोकऱ्या वाढवत नाही. आणि नव्यांतले पुष्कळ लवकर बंदही पडतात.

ईपीएफओचा आकडा एप्रिल २०१८ पासून येतो आणि तो माणसांचा आहे : नवे सदस्य, अधिक परत आलेले, वजा गेलेले. ठेकेदार बदलला तरी माणसाचा यूएएन, म्हणजे पीएफमधला त्याचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, ही त्यातली चांगली बाजू. पण कायदा लागू होतो २० कामगारांपासून. १९ जणांच्या वर्कशॉपने एक पोरगा घेतला की पीएफसाठी ठरलेल्या पगारमर्यादेतले सगळेच नवे सदस्य होतात. नोकरी वाढली एक, यादी वाढली वीसने. करोनानंतरच्या आत्मनिर्भर भारत रोजगार योजनेत नव्या कामगारांच्या पीएफचा भार सरकारने उचलला, त्या काळात तर नोंदणी करून घेण्यात मालकाचाच फायदा होता. वरून गेलेल्यांच्या नोंदी उशिरा येतात. सोडून गेलेल्या माणसाची ‘डेट ऑफ एक्झिट’ टाकायला मालकाला घाई नसते. तो कामगार पैसे काढायला आला की आमच्याकडे फोन येतो, मग ती तारीख पडते. त्यामुळे ताज्या महिन्याचा आकडा मी कधीच धरत नाही, वर्षभर जुना आणि सुधारलेला बघतो. आणि तोही औपचारिक नोंदणीचा म्हणून वाचतो.

आपल्याकडेही या कच्च्या मालाची, म्हणजे नोंदींची, कमतरता नाही. आस्थापनेचा कोड आहे, महिन्याची ईसीआर आहे, यूएएनमुळे ठेकेदारबदल ओळखताही येतो. वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांपुरता अमेरिकेसारखा तक्ता, किती उघडल्या, किती वाढल्या, किती आकसल्या, किती बंद पडल्या, यातून काढता येईल. वीसच्या आतल्यांचं मात्र अवघड. शेतीबाहेरच्या, कंपनी म्हणून नोंद नसलेल्या धंद्यांत २०२३-२४ च्या सरकारी पाहणीनुसार १२ कोटींवर लोक काम करतात, आणि ती नमुना पाहणी आहे, विवरणपत्रांची साखळी नव्हे.