दुकानाच्या नावाचे कार्ड, पैसे मात्र बँकेचे

दुकानांच्या आणि ऑनलाइन विक्रेत्यांच्या नावाने मिळणाऱ्या क्रेडिट कार्डांचे बिल भरण्याविषयी आलेल्या पत्रांतील काही प्रश्न या वेळी निवडले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : एका मोठ्या दुकानात खरेदी करताना काउंटरवरच अर्ज भरून घेतला गेला आणि काही दिवसांनी त्या दुकानाच्या नावाचे क्रेडिट कार्ड घरी आले. आता पहिले बिल आले आहे. पण दुकानाच्या अॅपमध्ये ते भरण्याची सोय सापडत नाही आणि काउंटरवर विचारले तर "बँकेला विचारा" असे सांगतात. पैसे नेमके कोणाला आणि कसे भरायचे?

कार्डावर ठळक अक्षरांत दुकानाचे नाव असले, तरी उधारी दुकानाने दिलेली नसते. आपण खरेदी केली तेव्हा दुकानाला त्याचे पैसे बँकेकडून मिळाले. आपले देणे आहे ते त्या बँकेचे. क्वचित दुकानाच्याच समूहातील वित्तकंपनी कार्ड देते, पण तिथेही हिशेब त्या कंपनीचा असतो, काउंटरवरच्या कर्मचाऱ्याचा नव्हे. त्यामुळे आपल्याला मिळालेले उत्तर त्रोटक असले, तरी चुकीचे नाही.

कार्ड देणारी संस्था कोणती, हे कार्डावर आणि बिलावर छापलेले असते. भारतात रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये क्रेडिट व डेबिट कार्डांसंबंधी जे निर्देश दिले, त्यांनुसार अशा को-ब्रँडेड, म्हणजे दुकान आणि बँक या दोघांच्या भागीदारीत दिलेल्या, कार्डावर कार्ड देणाऱ्या संस्थेचे नाव स्पष्ट दिसले पाहिजे आणि भागीदार दुकानाने ते कार्ड स्वतःचे उत्पादन म्हणून मिरवता कामा नये. दुकानाची भूमिका कार्डाचा प्रचार व वितरण करण्यापुरती आणि आपल्या वस्तू-सेवा कार्डधारकाला उपलब्ध करून देण्यापुरती ठेवलेली आहे.

संस्था कळली की पुढचे काम सोपे आहे. तिच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर कार्डाची नोंदणी करावी. आपले बचत खाते दुसऱ्याच बँकेत असले, तरी हरकत नसते. तिथून नेट बँकिंगने रक्कम भरता येते, खात्यातून आपोआप वळती होण्याची सूचना देता येते किंवा आपल्याच बँकेच्या बिल भरण्याच्या सोयीत हे कार्ड जोडता येते. धनादेश स्वीकारला जात असेल तर त्यावर कार्डाचा क्रमांक लिहावा, म्हणजे रक्कम दुसऱ्याच खात्यात जमा होण्याचा घोळ टळतो. दुकानाच्या अॅपमध्ये 'बिल भरा' असे बटण असलेच, तर ते दाबल्यावर आपण बँकेच्या पानावर पोचतो का, हे पाहून मगच पुढे जावे.

कोणकोणत्या मार्गांनी पैसे भरता येतात याची यादी कार्ड देणाऱ्या संस्थेने आपल्या संकेतस्थळावर आणि बिलावर द्यावी, असे रिझर्व्ह बँकेने 2024 च्या मार्चमध्ये केलेल्या सुधारणेत सांगितले आहे. बिलाच्या मागच्या बाजूचा बारीक अक्षरांतला मजकूर बहुतेक जण वाचत नाहीत. निदान ही यादी तरी वाचावी.

प्रश्न : मग दुकानात रोख रक्कम भरताच येत नाही का?

काही ठिकाणी येते, विशेषतः जे कार्ड फक्त त्याच दुकानात चालते त्याच्या बाबतीत. पण ती सोय आहे की नाही, हे बिलावरील यादी पाहूनच ठरवावे. रोख भरल्यास पावती घ्यावी, पावतीवर कार्डाचे शेवटचे चार अंक आणि तारीख आहे ना ते पाहावे आणि पुढचे बिल येईपर्यंत ती जपून ठेवावी. दुकानात दिलेले पैसे बँकेच्या हिशेबात त्याच दिवशी दिसतीलच असे नाही, म्हणून शेवटच्या दिवसासाठी हा मार्ग राखून ठेवू नये.

प्रश्न : मी देय तारखेलाच, रात्री साडेदहाला, पैसे भरले. माझ्या खात्यातून ते गेलेही. तरीही विलंब शुल्क लागले. हे न्याय्य आहे का?

आपली बाजू समजण्यासारखी आहे. परंतु बिल वेळेत भरले की नाही हे रक्कम आपल्या खात्यातून कधी निघाली यावर ठरत नाही, कार्डाच्या खात्यात ती कधी जमा धरली गेली यावर ठरते. थेट कार्ड देणाऱ्या बँकेच्या अॅपमधून भरलेली रक्कम सहसा लवकर जमा होते. दुसऱ्या बँकेतून किंवा मध्यस्थ सेवेतून भरलेल्या रकमेला एक-दोन कामकाजाचे दिवस लागू शकतात आणि टपालाने पाठवलेल्या धनादेशाला त्याहून अधिक. शिवाय दिवसाची एक ठरलेली वेळ असते. तिच्यानंतर आलेली रक्कम दुसऱ्या दिवसाची मानली जाते.

ही वेळ किती असावी आणि उशिराची किती गय करावी, हे देशोदेशींच्या नियमांवर अवलंबून आहे. अमेरिकेत 2009 च्या क्रेडिट कार्ड कायद्याने देय तारीख दर महिन्याला एकच ठेवणे, बिल त्या तारखेच्या किमान 21 दिवस आधी पाठवणे आणि देय तारखेला सायंकाळी पाच वाजेपर्यंत मिळालेली रक्कम वेळेत मिळाल्याचे मानणे बँकांवर बंधनकारक केले. भारतात खाते तीन दिवसांहून अधिक काळ थकीत राहिल्याशिवाय विलंब शुल्क लावता येत नाही किंवा कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या पतमाहिती कंपनीला थकबाकी कळवता येत नाही, आणि ते शुल्कही संपूर्ण बिलावर न लावता देय तारखेनंतर उरलेल्या रकमेवरच लावायचे असते. आपण भारतातील कार्डधारक असाल आणि रक्कम दुसऱ्याच दिवशी जमा झाली असेल, तर या नियमाचा उल्लेख करून लेखी तक्रार अवश्य करावी. मात्र ही तीन दिवसांची सवलत विलंब शुल्कासाठी आहे. व्याजही माफ होईल असे गृहीत धरू नये.

देय तारीख आपल्या पगाराच्या तारखेशी जुळत नसेल, तर ती बदलून मागता येते. बिलाचे चक्र निदान एकदा बदलून घेण्याचा पर्याय भारतात कार्डधारकाला द्यावाच लागतो. दरमहा धावपळ करण्यापेक्षा हा एक अर्ज केलेला बरा.

प्रश्न : बिलावर दोन रकमा असतात, एकूण देय आणि किमान देय. मी किमान रक्कम नियमित भरते, एकही तारीख चुकवलेली नाही, तरी बाकी जवळजवळ तेवढीच राहते. असे का होते? आणि एकदा कशीबशी पूर्ण रक्कम भरली, तर पुढच्या बिलात पुन्हा थोडे व्याज होतेच!

किमान रक्कम भरल्याने आपले खाते थकीत होत नाही, एवढाच तिचा उपयोग. बाकी कमी करणे हे तिचे काम नव्हे. एका उदाहरणाने हे पाहू. बाकी दहा हजार आणि व्याजदर वार्षिक 36 टक्के असेल, तर दर दिवसाचे व्याज सुमारे 10 आणि महिन्याचे जवळपास 300 होते. किमान रक्कम बाकीच्या पाच टक्के, म्हणजे 500 असेल, तर त्यातले 300 व्याजातच जातात आणि मुद्दल फक्त 200 ने घटते. पुढच्या महिन्यात किमान रक्कमही किंचित कमी होते, त्यामुळे फेडीचा वेग आणखी मंदावतो. निव्वळ दुकानात चालणाऱ्या कार्डांचे व्याजदर साधारण कार्डांपेक्षा अनेकदा चढे असतात, म्हणून ही फरफट तिथे अधिक जाणवते. व्याजही न भागावे इतकी लहान किमान रक्कम ठरवून मुद्दल फुगू देण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आहे, हे खरे. पण मुद्दल फुगू न देणे आणि ते फिटणे यांत बरेच अंतर आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आणि कमी लोकांना ठाऊक असलेली. नव्या खरेदीवर मिळणारी बिनव्याजी मुदत मागचे बिल पूर्ण भरले असेल तरच मिळते. बाकी पुढे ओढली की त्या महिन्यात केलेल्या नव्या खरेदीवरही सहसा खरेदीच्या दिवसापासून व्याज धावू लागते. म्हणून बाकी फेडण्याचे मनावर घेतले असेल, तर तेवढे महिने या कार्डावर खरेदी बंद ठेवणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

पूर्ण रक्कम भरल्यावरही आलेले व्याज बिल तयार झाल्याच्या दिवसापासून आपण पैसे भरले त्या दिवसापर्यंतचे असते. व्याज रोजच्या बाकीवर मोजले जाते आणि मधल्या दिवसांचे व्याज छापील बिलात आलेले नसते. ते एकदा भरले आणि त्यानंतरचे बिल पूर्ण फेडले की हा प्रकार थांबतो. रक्कम किरकोळ आहे म्हणून दुर्लक्ष करू नये, कारण न भरलेल्या किरकोळ रकमेवरही विलंबाची नोंद होऊ शकते.

प्रश्न : "बारा महिने व्याज नाही" या योजनेत मोठी वस्तू घेतली आहे. दरमहा बिलावर येईल ती किमान रक्कम भरत राहिलो तर चालेल ना?

चालणार नाही, किंवा निदान योजनेचा कागद पाहिल्याशिवाय चालेल असे समजू नये. अशा योजना दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात ठरावीक मुदतीत व्याज लावलेच जात नाही आणि मुदत संपल्यावर उरलेल्या बाकीवर पुढचे व्याज सुरू होते. दुसऱ्या प्रकारात व्याज पहिल्या दिवसापासून मोजून बाजूला ठेवलेले असते. मुदतीत शेवटचा पैसा फिटला तर ते सोडून दिले जाते आणि थोडीशी बाकी राहिली, तरी खरेदीच्या दिवसापासूनचे सगळे व्याज एकदम अंगावर येते. अमेरिकेतील दुकानी कार्डांवर हा दुसरा प्रकार फार चालतो. जाहिरातीत "मुदतीत पूर्ण फेडल्यास" अशी अट दिसली की तो ओळखावा.

किमान रक्कम भरून मुदतीत वस्तू फिटेलच असे नाही. त्यापेक्षा किमतीला बाराने न भागता अकराने भागावे आणि ती रक्कम दरमहा भरावी, म्हणजे शेवटच्या महिन्यात तारखेचा घोळ झाला तरी नुकसान होत नाही. त्याच कार्डावर इतर खरेदी केली असेल, तर भरलेली रक्कम आधी कोणत्या बाकीत जमा होते हे विचारून घ्यावे. अमेरिकेच्या नियमांत किमान रकमेपेक्षा जास्त भरलेला भाग सर्वांत चढ्या व्याजाच्या बाकीकडे जातो; अशा योजनेची मुदत संपण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन बिलांत मात्र तो योजनेच्या बाकीकडे वळवला जातो.

भारतात याच्याशी मिळताजुळता प्रकार 'नो कॉस्ट' मासिक हप्त्यांचा आहे. मुद्दल, व्याज आणि व्याजाची भरपाई म्हणून दिलेली सवलत हे तिन्ही आकडे खरेदीचे हप्त्यांत रूपांतर करण्यापूर्वी आणि बिलावरही वेगळे दाखवणे बँकेवर बंधनकारक आहे. ते मागून घ्यावेत.

प्रश्न : खरेदी परत केली. तिचे पैसे कार्डावर जमा झाले, तर या महिन्याचे बिल भरलेच असे समजावे का?

अनेक बँका परताव्याला भरणा मानत नाहीत. बाकी कमी होते, पण किमान रक्कम वेगळी भरावी लागते. भारतात देय तारखेपूर्वी आलेला परतावा, त्या खरेदीचे पैसे अद्याप भरले नसतील तर, देय रकमेतून लगेच वळता करून कार्डधारकाला कळवायचा असतो. तरीही परताव्यानंतर अॅपमध्ये देय रक्कम किती दिसते, ते पाहूनच उरलेले भरावे. दुकानाचे बक्षीस-गुण खर्चून बिल भरता येते का, असेही एका पत्रात विचारले आहे. बहुधा येत नाही. ते गुण पुढच्या खरेदीत वापरायचे असतात.

प्रश्न : आमच्या कार्डाच्या दुकानाने बँक बदलली आहे, असे पत्र आले. काही करावे लागेल का?

होय, आणि वेळ न दवडता. दुकान आणि बँक यांचा करार मुदतीचा असतो, त्यामुळे असे बदल होतात. 2016 च्या जूनमध्ये अमेरिकेत कॉस्टको या मोठ्या दुकानसाखळीची कार्डे अमेरिकन एक्स्प्रेसकडून सिटी बँकेकडे गेली, हे त्याचे मोठे उदाहरण. बाकी नव्या बँकेकडे जाते. पण आपोआप भरण्यासाठी दिलेली जुनी सूचना तिच्याबरोबर जाईलच याची खात्री नसते, आणि खातेक्रमांक बदलला तर आपल्या बँकेत जोडलेले जुने बिलही निरुपयोगी होते. नव्या बँकेकडे नोंदणी करून सूचना पुन्हा द्यावी, पहिले बिल स्वतः भरावे आणि जुन्या बँकेची बिले उतरवून ठेवावीत, कारण तिथला प्रवेश पुढे बंद होऊ शकतो.

अशा बदलाच्या काळात "नव्या खात्यावर बिल भरा" असे संदेश आणि फोन भामट्यांकडूनही येतात. संदेशातील लिंक किंवा शोधयंत्रात सापडलेला फोन क्रमांक वापरू नये. कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावरच विचारावे.